मातीचा खाजगी बांध : पावसाळ्यापूर्वीची तपासणी आणि वर्षभराची देखभाल

परतीचा पाऊस ओसरू लागला की आमच्या भागातील अनेक बांधांच्या सांडव्यावर, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेवर, मातीने भरलेली पोती दिसू लागतात. सांडव्याच्या उंबऱ्यावर फूटभर उंचीची पोती रचली म्हणजे तितकेच पाणी जास्त अडते आणि रब्बीच्या एखाद्या पाळीची सोय होते, हा हिशेब चुकीचा नाही. एक हेक्टर पाणीपसारा असलेल्या तलावात एक फूट पाणी वाढले तर सुमारे तीस लाख लिटरची भर पडते, आणि हरभऱ्याला एक पाणी कमी पडते की काय अशी धास्ती असणाऱ्या माणसाला हा मोह होणारच. अडचण अशी की ही पोती ऑक्टोबरात रचली जातात, पण उन्हाळ्यात काढली जात नाहीत. त्यांच्यात गाळ बसतो, गवत उगवते, पुढच्या वर्षी ती सांडव्याचाच भाग वाटू लागतात, आणि जूनमध्ये पहिला मोठा पूर येतो तेव्हा त्या बांधाचा सांडवा मूळ आखणीपेक्षा फूटभर उंच झालेला असतो. स्वतःच्या मालकीचा मातीचा बांध सांभाळणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी करावयाचे पहिले काम म्हणून मी ही पोती उचलण्याचेच काम सांगेन. त्याचे कारण पुढे आकड्यांसह दिले आहे.

येथे ज्या बांधाचा विचार केला आहे तो म्हणजे स्वतःच्या किंवा भावकीच्या जमिनीतून जाणाऱ्या ओघळीवर अथवा लहान नाल्यावर आडवा घातलेला, तीन ते आठ मीटर उंचीचा, एका बाजूला सांडवा असलेला मातीचा भराव. जमीन खोदून चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे वेगळे आणि हा बांध वेगळा, कारण शेततळ्यात बहुधा आपण सोडू तेवढेच पाणी येते, तर बांधामागे वरचे सगळे शिवार न विचारता पाणी आणून सोडते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. त्यामुळे आपल्या पाच-सहा मीटरच्या बांधाची पाहणी करण्यासाठी त्या कायद्याखाली कोणी अभियंता दरवर्षी येणार नाही. पाहणी करणारा आणि दुरुस्तीचा खर्च सोसणारा माणूस एकच, तो म्हणजे मालक. नवीन बांध घालायचा असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नदी, ओढा, नाला हे सामान्यतः शासनाच्या मालकीचे असतात, त्यामुळे दोन्ही काठ आपले असले तरी नैसर्गिक प्रवाह अडवण्यापूर्वी तहसील कार्यालयात आणि जलसंधारणाच्या कार्यालयात लेखी विचारणा करून परवानगी घेणे आवश्यक आहे.

बांध पाणी कसा धरतो

मातीचा बांध पाणी पूर्णपणे अडवतो, ही समजूत देखभालीच्या मुळावर येते. प्रत्येक मातीच्या बांधातून पाणी झिरपते. चांगल्या बांधात ते इतके सावकाश आणि इतके निवळ झिरपते की सोबत मातीचा कणही जात नाही, आणि वाईट बांधात ते माती घेऊन जाते. दोहोंतील फरक बांधाच्या पोटात काय आहे यावर ठरतो. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, त्याच्या खाली कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत खणून त्याच मातीने दाबून भरलेला पायाचर, गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरुमाचे कवच, पाण्याकडच्या उतारावर दगडांचे पिचिंग म्हणजे रचून बसवलेले अस्तर, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू, बारीक खडी व दगड अशा क्रमाने रचलेला निचऱ्याचा थर, ही सर्वसाधारण रचना असते. गाभा पाण्याचा वेग मोडतो, कवच वजनाने बांध उभा ठेवते, आणि निचऱ्याचा थर झिरपलेल्या पाण्याला वाट देऊन मातीला मागे रोखतो.

मापांबाबत ढोबळ नियम असा की पाण्याकडचा उतार अडीचास एक, म्हणजे एक मीटर उंचीमागे अडीच मीटर पसरट, आणि कोरड्या बाजूचा उतार दोनास एक यापेक्षा खडा नसावा. माथ्याची रुंदी काढण्यासाठी बांधाची उंची पाचाने भागून त्यात तीन मिळवावेत. सहा मीटरच्या बांधाला यानुसार चार मीटरच्या किंचित वर रुंदी येते आणि तेवढ्यात ट्रॅक्टरही जातो. जुन्या बांधाचे उतार मोजण्यासाठी एक लाकडी पट्टी, ओळंबा आणि टेप पुरेसे आहेत. जेथे उतार मूळ मापापेक्षा खडा झालेला दिसतो तेथे माती कोठे गेली याचा शोध घ्यावा, कारण ती बहुतेक वेळा खाली पायथ्याशी फुगवट्याच्या रूपाने सापडते आणि फुगवटा हे घसरणीचे पहिले लक्षण असते.

काळ्या मातीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. ती पाणी उत्तम अडवते, पण ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून ती पोटातच शोभते. संपूर्ण बांध काळ्या मातीचा असेल आणि वर मुरुमाचे कवच नसेल तर मे महिन्यात त्याच्या माथ्यावर हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याहून फसवी माती म्हणजे चोपण. सोडियम जास्त असलेली ही माती कोरडी असताना दगडासारखी कठीण लागते, पण पाण्यात तिचे कण एकमेकांना सोडून देतात. ती ओळखण्याची साधी परीक्षा घरी करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी घ्यावे, त्यात बोराएवढे ढेकूळ अलगद सोडावे आणि पेला न हलवता दहा मिनिटे पाहत राहावे. ढेकूळ नुसते ढासळून तळाशी पसरले तर काळजीचे कारण नाही. मात्र ढेकळाभोवती दुधासारखा ढग उठून पसरू लागला तर ती माती बांधाच्या कोणत्याही भागात वापरू नये. ही परीक्षा विहिरीच्या खाऱ्या पाण्यात घेतल्यास खोटा दिलासा मिळतो, कारण क्षारांमुळे ढग उठत नाही.

दुरुस्तीसाठी नवीन माती टाकताना ती पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांत टाकून, पाणी शिंपडून, प्रत्येक थर रोलरने दाबला पाहिजे. ओल योग्य आहे की नाही हे मूठ सांगते. मूठभर माती घट्ट दाबल्यावर तिचा गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये, आणि तो गोळा गुडघ्याच्या उंचीवरून टाकला असता दोन-चार तुकड्यांत फुटावा. जेसीबीने डंपरभर माती ओतून बकेटने थापटली म्हणजे दबाई झाली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अशी माती पुढील दोन पावसाळ्यांत खचते आणि तिचा हिशेब माथ्याच्या उंचीत द्यावा लागतो.

सांडवा आणि माथा यांचे गणित

मातीचे बांध मुख्यतः दोन प्रकारे फुटतात. एक तर पाणी माथ्यावरून जाते, नाहीतर ते पोटातून माती घेऊन जाते. पहिल्या प्रकाराचे गणित शाळेतील गुणाकार-भागाकाराने मांडता येते आणि प्रत्येक मालकाने ते एकदा तरी कागदावर मांडावे.

समजा बांधाच्या वरच्या अंगाला ४० हेक्टर शिवाराचे पाणी नाल्यात येते. हे क्षेत्र गावनकाशावरून काढता येते. कमी पावसाच्या तालुक्यातही एखादी सर तासाला १०० मिलिमीटर या वेगाने कोसळू शकते. पडलेल्या पावसापैकी निम्मे पाणी वाहून येते असे धरू. ४० गुणिले १०० गुणिले ०.५ आणि या गुणाकाराला ३६० ने भागले की सेकंदाला सुमारे साडेपाच घनमीटर पाणी बांधाकडे येते असे उत्तर मिळते. हे पाणी सांडव्यावरून जाताना किती जाड थराने जाईल हे काढण्यासाठी सांडव्याची लांबी (म्हणजे पाणी ज्यावरून ओलांडते त्या उंबऱ्याची लांबी), पाण्याच्या थराची जाडी, त्या जाडीचे वर्गमूळ आणि १.७ हा आकडा यांचा गुणाकार करावा, सर्व मापे मीटरमध्ये घ्यावीत. हा गुणाकार म्हणजे सांडव्यावरून सेकंदाला जाणारे घनमीटर पाणी. थर अर्धा मीटर ठेवायचा असेल तर एक मीटर लांबीतून सेकंदाला ०.६ घनमीटर पाणी जाते, म्हणजे सांडवा सव्वानऊ मीटरपेक्षा कमी लांब असता कामा नये. हाच सांडवा कोणी चार मीटरचा केला असेल तर तेच पाणी सुमारे ८७ सेंटिमीटर उंचीने वाहील.

आता माथ्याकडे वळू. सांडव्याच्या उंबऱ्यापासून माथा निदान एक मीटर उंच असावा, असा लहान बांधांसाठीचा दंडक आहे. सव्वानऊ मीटरचा सांडवा आणि एक मीटरची ही मोकळी उंची असलेल्या बांधावर मोठ्या पुरात पाणी अर्धा मीटर चढते आणि अर्धा मीटर शिल्लक राहते. उंबऱ्यावर ३० सेंटिमीटरची पोती असतील तर शिल्लक २० सेंटिमीटरवर येते. आणि माथा खचलेला असेल तर तीही उरत नाही.

माथा खचला आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. गवंडी जोत्याची पातळी काढण्यासाठी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप यासाठी पुरेसा आहे. पाइपमध्ये पाणी भरून त्यातील हवेचे बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत थांबावे, एक टोक सांडव्याच्या उंबऱ्यावर धरलेल्या पट्टीशी ठेवावे आणि दुसरे टोक माथ्यावर दर पाच मीटरला नेऊन आकडा लिहून घ्यावा. लांबी जास्त असेल तर मधे खुंटी ठोकून तिच्यापासून पुढे मोजावे. आमच्या बांधावर आम्ही हे प्रथम केले तेव्हा दोन्ही टोकांशी माथा उंबऱ्यापासून बरोबर एक मीटर उंच भरला, पण मधोमध, जेथे जुन्या नाल्याचे पात्र होते आणि भराव सर्वांत उंच होता, तेथे तो २२ सेंटिमीटर खाली निघाला. माथ्यावरून रोज ये-जा करूनही हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. वरच्या उदाहरणात हे २२ सेंटिमीटर घाला, म्हणजे पोती ठेवलेल्या बांधावरून पाणी दोन सेंटिमीटरने माथा ओलांडते, आणि वाऱ्याच्या लाटा वेगळ्याच. दोन सेंटिमीटर पाणी ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ते कोरड्या उतारावरून खाली धावताना प्रथम पायथ्याशी खड्डा पाडते, तो खड्डा ओघळीसारखा वर चढत माथ्यापर्यंत येतो, माथा आणखी खाली जातो, त्यातून आणखी पाणी येते आणि काही तासांत बांधाच्या मध्यभागी दरवाजा उघडतो. गुजरातेत मोरबीच्या वर असलेल्या मच्छू-२ धरणाचे दोन्ही बाजूंचे मातीचे भराव ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच माथ्यावरून पाणी गेल्याने वाहून गेले. धरण मोठे होते, मातीचा स्वभाव मात्र तोच.

माथ्याची दुरुस्ती करताना वरचे गवत व सैल माती खरवडून काढावी, पृष्ठभाग ओला करावा आणि मुरूम थरांत दाबावा. मध्यभाग दोन्ही टोकांपेक्षा थोडा उंच ठेवावा, कारण नव्या मातीचेही खचणे होणार आहे. माथ्याला पाण्याकडे किंचित ढाळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी कोरड्या उतारावर ओघळी पाडत नाही. सांडव्याचा उंबरा दगडी किंवा काँक्रीटचा असावा, तो मूळ जमिनीत असावा, भरावावर नसावा, आणि त्यावरून पडणारे पाणी बांधाच्या पायथ्याला न चाटता दूर नाल्यात मिळावे. सांडव्यात मासे अडवण्यासाठी जाळी लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या जाळीत पुराचा पालापाचोळा अडकून सांडवा बंद होतो, म्हणून पावसाळ्यात ती काढून ठेवावी.

पायथ्याशी उभे राहून पाहणे

बांधाची पाहणी माथ्यावरून मोटारसायकलने फिरून होत नाही. खरी पाहणी कोरड्या बाजूच्या पायथ्याशी, सकाळच्या तिरप्या उन्हात, पायी होते. त्या उन्हात ओलसर जागा वेगळ्या रंगाने दिसतात आणि बारीक खळगे सावली टाकतात. सगळीकडे गवत वाळलेले असताना एखाद्या ठिकाणी हिरवीगार लव्हाळी किंवा पाणकणीस दिसले तर तेथे बाराही महिने पाणी झिरपते असे समजावे.

झिरपणारे पाणी मोजणे सोपे आहे. पायथ्याशी लहानशी चारी काढून सगळे पाणी एका पाइपच्या तुकड्यात घ्यावे आणि खाली बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर. या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ नाही, तलावाची पातळी त्याच दिवशी लिहिली तरच तो बोलू लागतो. पातळी वाढली आणि झिरपा वाढला, हे स्वाभाविक आहे. पातळी तीच आणि झिरपा दुप्पट, हे धोक्याचे आहे. पातळी तीच आणि झिरपा एकाएकी थांबला, हेही बरे नव्हे, कारण पाण्याने दुसरी वाट शोधली असण्याची शक्यता असते. प्रत्येक वेळी त्या पाण्याची काचेची बाटली भरून रात्रभर स्थिर ठेवावी आणि सकाळी तळ पाहावा. तळाशी मातीचा पापुद्रा बसला असेल तर बांधाच्या पोटातून माती बाहेर पडत आहे. या क्रियेला अभियंते पायपिंग म्हणतात. पाणी बाहेर पडते तेथून मातीचे कण निसटतात, पोकळी आत आत सरकत जाते, आणि ती तलावापर्यंत पोहोचली की बांध आतून फुटतो.

पायथ्याशी पाणी बुडबुडत वर येत असेल आणि त्याभोवती बारीक वाळूचे किंवा मातीचे वारुळासारखे कडे तयार झाले असेल, तर ते तोंड बंद करण्याचा प्रयत्न करू नये. चिकण माती, सिमेंट किंवा प्लास्टिकचा कागद दाबून पाणी थांबवले असता ते आतल्या आत तुंबते आणि दुसरीकडे जास्त जोराने फुटते. त्या जागेवर आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि तिच्यावर जाड खडी अशा थरांचा ढीग रचावा, म्हणजे पाणी जात राहते पण माती अडते. उकळी जोराची असेल तर तिच्याभोवती पोत्यांचे गोल कडे रचून आत हात-दीड हात पाणी साठू द्यावे. त्या पाण्याच्या दाबाने उकळीचा जोर कमी होतो, आणि कडे काठोकाठ भरल्यावर जास्तीचे पाणी एका पन्हाळीने बाहेर काढावे. पोत्यांचा बांधावरील योग्य उपयोग असा. हे तात्पुरते उपाय आहेत. त्यानंतर तलाव हळूहळू खाली करून जाणकार अभियंत्याला बोलावलेच पाहिजे.

बांधाच्या पोटातून आरपार गेलेला पाइप हे पायपिंगचे आवडते ठिकाण आहे. पाइपाच्या खालच्या अंगाला माती नीट दबत नाही आणि पाण्याला त्याच्या कडेने सरळ वाट मिळते. पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो, तेथेही पाणी सोडण्याच्या नळाचे काम अपुरे असताना पहिल्याच पावसाळ्यात धरण भरले, त्या नळावरचा भराव खचत गेला आणि धरण फुटले. त्यापाठोपाठ खडकवासल्याची चुन्या-दगडातील जुनी भिंतही कोसळली. आपल्या बांधातील पाइप सिमेंटचा असेल तर सांधे, लोखंडाचा असेल तर गंज, आणि दोन्हींत बाहेरच्या तोंडाभोवतीची माती ओली आहे का, हे दर वर्षी पाहावे. नवा पाइप घालण्याची गरज पडली तर बांध खोदण्यापेक्षा माथ्यावरून वक्रनलिका (सायफन) टाकणे मला श्रेयस्कर वाटते. पाणी थोडे कमी वेगाने मिळते, पण पोट शाबूत राहते.

झाडे, घुशी आणि खेकडे

बांधावर हरळी उत्तम, वाळा उत्तम, आणि यांखेरीज काहीही नको. वेडी बाभूळ, सुबाभूळ, करंज हे सावलीसाठी कितीही गोड वाटले तरी त्यांची मुळे ओलीच्या शोधात गाभ्यापर्यंत जातात. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट बांधाचा लचका निघतो, आणि झाड नुसते तोडून खुंट ठेवला तर काही वर्षांनी मुळे कुजून आरपार नळ्या तयार होतात. मनगटापेक्षा बारीक रोपटी दर वर्षी मुळासकट उपटावीत. मोठे झाड काढायचे असेल तर तलाव खाली असताना, खुंट व जाड मुळे खणून, खड्ड्याच्या बाजू उतरत्या करून, थरांत दाबून तो भरावा. पायथ्यापासून पाच-सहा मीटरच्या पट्ट्यातही मोठी झाडे नसावीत. गवत मात्र कापलेले असावे, कारण कमरेएवढ्या गवतात बीळ दिसत नाही. वारूळ दिसले तर ते वरून फोडून उपयोग नसतो, त्याच्या पोकळ्या तळापर्यंत खणून भरल्या पाहिजेत.

बिळे घुशींची, उंदरांची, साळिंदराची आणि कोकणात व मावळात खेकड्यांची असतात. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या घरात माणसे गेली, तेव्हा दोष खेकड्यांवर ढकलल्याचे विधान झाले आणि राज्यभर त्याची टिंगल झाली. खेकडे भरावात बिळे करतात हे खरे आहे, आणि म्हणूनच बिळे शोधणे व बुजवणे हे देखभाल करणाऱ्याचे काम आहे. त्या धरणाला गळती असल्याचे गावकऱ्यांनी आधी कळवले होते, ही गोष्ट टिंगलीच्या गदारोळात मागे पडली. बीळ सापडले की त्याच्या तोंडाशी दगड ठोकून समाधान मानू नये. नऊ भाग चाळलेली माती आणि एक भाग सिमेंट यांचा पातळ कालवा करून तो नरसाळ्याने व पाइपच्या तुकड्याने आत सोडावा आणि बीळ पिईल तेवढा पाजत राहावा. एखादे बीळ चार बादल्या पिते, तेव्हा ते किती लांब गेले होते याचा अंदाज येतो.

भेगांविषयी थोडक्यात. बांधाच्या लांबीला समांतर जाणारी भेग घसरणीची सूचना देते. बांधाला आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग त्याहून धोक्याची, कारण ती पाण्याची तयार वाट असते. दोन्ही भेगांत वरून माती लोटू नये. भेगेच्या तळापर्यंत चर खणून, ओल देऊन, थर दाबत चर भरावा. पाण्याकडच्या पिचिंगचे दगड सुटले असतील तर ते नुसते परत ठेवू नयेत, खाली खडीचा थर दिल्याशिवाय लाटा पुन्हा माती ओढून नेतात. तलाव उपसताना घाई करू नये. आठवडाभरात तलाव रिकामा केला तर ओल्या भरावाला आधार देणारे पाणी निघून जाते, आतले पाणी मात्र अडकून राहते, आणि पाण्याकडचा उतार सरकतो.

नोंदवही

एक शंभर पानी वही यासाठी पुरते. मे महिन्यात माथ्याच्या पातळ्या, पोती व गवत काढल्याची तारीख, भेगा व बिळे; पावसाळ्यात दर आठवड्याला तलावाची पातळी, बादलीचे सेकंद आणि बाटलीचा तळ; दिवाळीनंतर पुन्हा एक फेरी. मोबाइलमधील छायाचित्रे दर वेळी त्याच खुंटीजवळ उभे राहून काढावीत, नाहीतर तुलना करता येत नाही.

या वहीला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आहे. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात एका गिरणीमालकाने आपल्या जमिनीत बांधलेल्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळसाखाणीत शिरले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १८६८ मध्ये असे ठरवले की जमिनीवर मुद्दाम साठवलेली धोकादायक वस्तू निसटून नुकसान झाले तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, मद्रास इलाख्यातील कारवेटनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाल्याचा दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजी अमलात हिंदुस्थानातील खटल्यांचे शेवटचे अपील चालवणाऱ्या लंडनमधील न्यायपीठापुढे, गेला. तेथे मात्र निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला, कारण ते तलाव पूर्वापार लोकांच्या शेतीसाठी होते, ते सांभाळणे हे त्याचे कर्तव्यच होते आणि त्याने हयगय केल्याचे दिसून आले नाही. आपला नवा खाजगी बांध या दोहोंपैकी कोणत्या बाजूला पडेल हे वकिलाला विचारावे. पण हयगय झाली नाही हे दाखवण्याची वेळ आली तर तारखांसह लिहिलेली वही हाताशी असणे बरे.

अतिवृष्टीच्या रात्री

पुराच्या वेळी पंप लावून तलावाची पातळी रोखण्याचा विचार करू नये. वरच्या उदाहरणात सेकंदाला साडेपाच हजार लिटर पाणी येत होते, आणि पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला दहा-वीस लिटर काढतो. पाणी चढत असेल तर सांडव्यातील अडथळे दूर करणे, माथ्यावरील सखल जागेवर पोत्यांची सलग ओळ लावणे आणि अगदीच निकराच्या वेळी सांडव्याच्या पलीकडच्या, बांधापासून दूर असलेल्या मूळ कठीण जमिनीत वाट रुंद करणे, एवढेच करता येते. भराव स्वतःच्या हाताने कधीही फोडू नये, कारण फोडलेल्या मातीचे तोंड किती रुंद व्हायचे हे मग आपल्या हाती राहत नाही. ही कामे अंधारात एकट्याने करू नयेत, आणि पाणी माथ्याला टेकले की भरावावर कोणी थांबू नये.

खालच्या बाजूला नाल्याच्या काठी कोणाची वस्ती आहे, कोणाची जनावरे तेथे बांधलेली असतात, ऊसतोड मजुरांच्या खोपट्या कोठे पडतात, हे पावसाळ्याआधी प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे आणि त्या घरांचे, पोलीस पाटलांचे, तलाठ्यांचे व सरपंचांचे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. मागे २० हजार घनमीटर पाणी, म्हणजे २० हजार टन वजन, असलेला बांध लहान म्हणण्यासारखा नसतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळचा केली बार्न्स हा सुमारे बारा मीटर उंचीचा, खाजगी मालकीचा मातीचा बांध ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे फुटला तेव्हा ३९ माणसे दगावली, कारण लोक झोपेत होते. संशय आला की आधी फोन करावा आणि मग बॅटरी घेऊन बांधावर जावे.

पूर ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी, काडीकचऱ्याची रेघ धुऊन जाण्यापूर्वी, सांडव्याच्या भिंतीवर पाणी कोठपर्यंत चढले होते ती खूण रंगाने करावी आणि उंबऱ्यापासूनची उंची मोजावी. ती उंची, तिचे वर्गमूळ, सांडव्याची लांबी आणि १.७ यांचा गुणाकार केला की त्या रात्री खरोखर किती पाणी आले ते कळते. गावनकाशावरून काढलेल्या आकड्याशेजारी हा आकडा तारखेसह लिहावा. तो मोठा निघाला तर पुढच्या मे महिन्यात सांडवा किती मीटरने लांब करायचा हे त्याच पानावर मांडून ठेवावे.